न घडलेलीं विमानें

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांपासून विमानाचा नमुना जुळविण्याचा छंद सुशिक्षित कुटुंबांना अपरिचित नाहीं. पेटींतून भाग काढावे, सोबतच्या आकृतीप्रमाणें ते जोडावे, रंग द्यावा आणि खऱ्या विमानाची लहानशी प्रतिकृति कपाटावर मांडावी, एवढाच त्याचा अर्थ सामान्यतः समजला जातो. तेथें यशाची कसोटीहि ठरलेली असते : नमुना मूळ विमानाशीं जितका जुळेल तितका तो उत्तम. परंतु या छंदाची एक शाखा अशी आहे कीं, तिच्या भक्तांनीं ही कसोटी जाणूनबुजून दूर ठेविली आहे. ते एका विमानाच्या धडाला दुसऱ्याचे पंख लावतात, पुढचा पंखा काढून तेथें जेट एंजिनाचें तोंड बसवितात, दोन धडें शेजारीं शेजारीं जोडून त्यांचें एक विमान करतात. आणि शेवटीं जें विमान तयार होतें तें जगाच्या पाठीवर कधींच अस्तित्वांत नव्हतें. इंग्रजींत या शाखेला 'व्हॉट-इफ' असें सुटसुटीत नांव पडलें आहे. मराठींत तिचा आशय एका प्रश्नांत सांगतां येईल : 'असें झालें असतें तर?'

प्रथमदर्शनीं हा उद्योग पोरकट वाटण्याचा संभव आहे. घडलें नाहीं तें घडविण्यांत वेळ घालविण्यापेक्षां घडलें तें तरी नीट समजून घ्यावें, असा आक्षेप एखादा गंभीर वृत्तीचा गृहस्थ घेईल. परंतु अनुभव असा आहे कीं, घडलेलें नीट समजल्यावांचून न घडलेलें पटण्यासारखें रचतां येत नाहीं. कवीला कल्पनेचे पंख फुकट मिळतात असें म्हणतात. या कारागिराला मात्र ते मोजून, कापून, घासून, जेथें शोभतील तेथें नव्हे तर जेथें भार पेलतील तेथें जोडावे लागतात.

हा उद्योग समजण्यासाठीं प्रथम त्या पेटींतील संच कसा असतो हें पाहिलें पाहिजे. इंग्लंडांत १९३६ सालीं 'फ्रॉग' या नांवानें 'पेंग्विन' मालेचे प्लॅस्टिकचे विमानसंच विक्रीस आले. त्यांचें प्रमाण १:७२ होतें. म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट नमुन्याच्या एका इंचांत मावत. हें प्रमाण पुढें इतकें रूढ झालें कीं, अनेक देशांतील कारखान्यांनीं तेंच स्वीकारलें. १९३९ सालीं स्थापन झालेल्या 'एअरफिक्स' या ब्रिटिश कंपनीनें १९५३ सालीं 'स्पिटफायर' या प्रसिद्ध लढाऊ विमानाचा स्वस्त संच काढला, आणि हा छंद शाळकरी मुलांच्या खिशाला परवडूं लागला. या संचांसाठीं पॉलिस्टिरीन नांवाचें प्लॅस्टिक तापवून मऊ करतात व पोलादी सांच्यांत मोठ्या दाबानें भरतात. तें जोडण्याचा जो चिकट द्रव मिळतो तो खरोखर डिंक नव्हेच. तो दोन्ही कडा किंचित् विरघळवितो, आणि द्रव उडून गेला कीं दोन तुकड्यांचा एक तुकडा होऊन जातो. प्रमाण एक आणि पदार्थहि एक, या दोन गोष्टींमुळें एका पेटींतील पंख दुसऱ्या पेटींतील धडाला जोडणें शक्य झालें. कल्पित विमानांचा सारा खटाटोप या साध्या सोयीवर उभा आहे.

काम कागदापासून सुरू होतें. विमानाची बाजूनें आणि वरून दिसणारी आकृति काढून तीवर नवी रेषा आंखतात. मग बारीक दात्यांच्या करवतीनें धड कापतात, भाग चिकटपट्टीनें तात्पुरते बांधून पाहतात, आणि डोळ्याला पटल्याशिवाय कायमचा सांधा करीत नाहींत. जेथें लांबी वाढवावयाची तेथें पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्याच्या चकत्या बसवितात. फटी रंगारी भिंतीला भरतात तसल्या लगद्यानें बुजवितात आणि वाळल्यावर कांचकागदानें घासतात. ज्या दांड्यांना सुटे भाग जडलेले असतात त्या दांड्याहि वायां जात नाहींत. अशी दांडी मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून मऊ झाली कीं दोन्ही टोकें हलकेंच ओढावीं. केसासारखा बारीक तंतु निघतो आणि तो बिनतारी यंत्राच्या तारेच्या जागीं शोभतो. जोडद्रवाची वाफ अपायकारक असल्यामुळें हें काम उघड्या खिडकीपाशीं करावें लागतें. सर्व जुळल्यावर एकसारख्या करड्या रंगाचा हात दिला म्हणजे पांच पेट्यांतून आलेले पांच रंग लोपतात, आणि प्रत्येक चुकलेला सांधा तत्काळ उघडा पडतो.

परंतु हात सफाईचा असला म्हणजे विमान साधलें असें होत नाहीं. पाहणारास विमानशास्त्राचें ज्ञान नसलें तरी हें यंत्र उडेल कीं नाहीं, याचा त्याची दृष्टि नकळत अंदाज घेत असते. एंजिन जड बसविलें आणि पंख होते तेथेंच ठेविले, तर विमान नाकावर पडेल असें वाटतें. नाक लांबविलें कीं मागची उभी शेपटी मोठी करावी लागते. नाहीं तर वाऱ्यांत विमानाचें तोंड सरळ राहणार नाहीं. जेट एंजिनाला हवा लागते. ती कोणत्या तोंडानें आंत येणार? चाकें मिटून कोठें जाणार? इंधन कोठें सांठविणार? गुरुत्वमध्याचा धडा तर नमुना स्वतःच देतो. ज्या विमानांना नाकाखालीं एक आणि पोटाखालीं दोन चाकें असतात, त्यांचा पोकळ नमुना मेजावर ठेवतांच पुष्कळदां शेपटीवर बसतो. म्हणून नाकांत शिशाच्या गोळ्या भराव्या लागतात. पाठ्यपुस्तकांतील जें प्रकरण विद्यार्थ्याला कंटाळवाणें वाटतें, तें येथें दहा गोळ्यांनीं कायमचें समजतें.

शिवाय अशी जोडाजोड खऱ्या विमानांच्या इतिहासालाहि नवी नाहीं. १९४१ सालीं चीनमधील सुइफू येथें एका 'डीसी-३' प्रवासी विमानाचा पंख जपानी बाँबहल्ल्यांत निकामी झाला. हाँगकाँगला त्या जातीचा पंख शिल्लक नव्हता. आधींच्या 'डीसी-२' जातीचा एक होता, पण तो सुमारें पांच फूट आंखूड होता. तोच पंख दुसऱ्या विमानाच्या पोटाखालीं बांधून नेला, धडाला बसविला, आणि तें विजोड पंखांचें विमान उडत हाँगकाँगला परत आलें. लोकांनीं त्याला 'डीसी-अडीच' असें नांव दिलें. १९४६ च्या एप्रिलमध्यें रशियांत प्रथम उडालेलें 'याक-१५' हेंहि असेंच. 'याक-३' या पंख्याच्या लढाऊ विमानाचें पुढचें एंजिन काढून तेथें जर्मन बनावटीवरून घेतलेलें जेट एंजिन बसविलें होतें. त्याचा तप्त झोत धडाखालूनच मागें जाई. म्हणून पोटाला उष्णता सोसणारा पत्रा लावावा लागला आणि शेपटीखालचें रबरी चाक जाऊन तेथें पोलादी चाक आलें. नमुना करणाराला यांतून एक सूत्र मिळतें. एक भाग बदलला कीं त्याचें देणें दुसऱ्या भागाला फेडावें लागतें.

हेंच सूत्र इतिहासालाहि लागू आहे, आणि या छंदाचा खरा गाभा तेथें आहे. इंग्लंडांतील 'टीएसआर-२' या विमानाचें उदाहरण या दृष्टीनें बोलकें आहे. जमिनीलगत अतिवेगानें जाऊन शत्रूच्या रडारला चुकवावें, या हेतूनें हें मोठें बाँबफेकी विमान रचलें होतें. २७ सप्टेंबर १९६४ रोजीं रोलंड बीमाँट या वैमानिकानें तें प्रथम उडविलें. खर्च मात्र सारखा वाढत गेला, आणि ६ एप्रिल १९६५ रोजीं अंदाजपत्रकाच्या भाषणांत ही योजना रद्द झाल्याचें जाहीर झालें. त्या वेळीं दुसरें विमान उड्डाणासाठीं जवळजवळ सिद्ध होतें. तें कधींच उडालें नाहीं. हीं विमानें ज्या सांगाड्यांवर जुळवीत ते सांगाडेहि मोडून टाकण्यांत आले. आज कॉसफर्ड आणि डक्सफर्ड येथील संग्रहालयांत दोन विमानें उभीं आहेत. जें एकच उडालें होतें तें मात्र राहिलें नाहीं.

२००६ सालीं 'एअरफिक्स'नें या विमानाचा १:७२ प्रमाणांतील, सुमारें १५ इंच लांबीचा संच काढला. खरें विमान पांढऱ्या शुभ्र रंगांत उडालें होतें. पण अनेकांनीं नमुन्याला हिरव्याकरड्या पट्ट्यांचा युद्धरंग दिला, पंखांखालीं शस्त्रें लटकविलीं, आणि तें विमान १९७५ किंवा १९८५ सालीं सेवेंत असल्याप्रमाणें उभें केलें. हा निव्वळ हळहळीचा प्रकार असता तर त्याची एवढी दखल घ्यावयास नको होती. परंतु विचारी कारागिराला पुढचा प्रश्न चुकवितां येत नाहीं. हें विमान सेवेंत आलें असतें तर त्याचा पैसा कोठून आला असता? ब्रिटिश सरकारनें त्याच्या जागीं अमेरिकेचें 'एफ-१११' घेण्याचें ठरविलें, आणि १९६८ सालीं तेंहि रद्द केलें. मग आरमारासाठीं रचलेल्या 'बकॅनियर' विमानावर काम भागवावें लागलें, आणि पुढें जर्मनी व इटली यांच्या भागीदारींत 'टॉर्नेडो' तयार झालें, जें १९७४ सालीं प्रथम उडालें. 'टीएसआर-२' कपाटावर ठेवावयाचें असेल तर कदाचित् 'टॉर्नेडो' तेथून उचलावें लागेल. न घडलेल्या गोष्टीचीहि किंमत असते. ती द्यावयास तयार नसणाराची कल्पना अपुरी राहते.

भारतीय श्रोत्याला हाच प्रश्न अधिक जिव्हाळ्यानें विचारतां येईल, कारण 'मरुत' या विमानाची कथा या देशाचीच आहे. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखालीं बंगळूर येथील हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यांत 'एचएफ-२४ मरुत' सिद्ध झालें, आणि १७ जून १९६१ रोजीं सुरंजन दास यांनीं तें प्रथम उडविलें. त्याची आकृति ध्वनीच्या दुप्पट वेगाला साजेशी होती. परंतु ज्या अधिक शक्तीच्या ब्रिटिश एंजिनावर सारी रचना आधारली होती त्याचें काम पैशाच्या प्रश्नावरून थांबलें, आणि कमी शक्तीच्या एंजिनांवर समाधान मानावें लागलें. इजिप्तमध्यें तयार होत असलेलें एक एंजिनहि 'मरुत'मध्यें बसवून पाहण्यांत आलें; तो मार्गहि खुंटला. देशांतच एंजिनाची शक्ति वाढविण्याचा प्रयत्न झाला, आणि अशा वाढीव शक्तीच्या एका 'मरुत'च्या अपघातांत जानेवारी १९७० मध्यें सुरंजन दास यांचा अंत झाला. एकंदर १४७ 'मरुत' तयार झालीं, १९७१ च्या युद्धांत त्यांनीं कामगिरी केली. पण इच्छित वेग त्यांना कधींच लाभला नाहीं. दरम्यान ध्वनीच्या दुप्पट वेगाचें रशियन 'मिग-२१' आपल्या नाशिकजवळ ओझर येथें बनूं लागलें होतें.

आतां एखाद्यानें 'योग्य एंजिन मिळालेलें मरुत' करावयास घेतलें असें समजावें. मागचीं दोन नळकांडीं थोडीं मोठीं केलीं कीं काम झालें, असें त्याला आरंभीं वाटेल. पण मोठ्या एंजिनाला अधिक हवा लागते, म्हणून धडाच्या दोन्ही बाजूंचीं तोंडें रुंद करावीं लागतात. मागचा भाग फुगतो, आणि फुगलेला भाग हवेला अधिक अडवितो. इंधन जास्त जळतें, तर टाक्या वाढवाव्या लागतात. कागदावर 'एंजिन मिळालें असतें तर' हें चार शब्दांचें वाक्य आहे. करवत हातांत घेतली म्हणजे कळतें कीं, तें वाक्य विमानाच्या नाकापासून शेपटीपर्यंत पोंचतें. एका राष्ट्राला एंजिन स्वतः करतां येणें म्हणजे काय, हें यापेक्षां स्पष्टपणें क्वचितच समजेल. आणि ज्या माणसानें तें प्रत्यक्ष उडवून पाहतांना प्राण वेंचले, त्याच्याविषयींचा आदरहि अशा वेळीं पोकळ राहत नाहीं.

कल्पित विमानांचा एक प्रांत मात्र सावधपणें हाताळण्यासारखा आहे. मे १९४५ मध्यें जर्मनीनें शरणागति पत्करली, त्या वेळीं तेथील रचनाकारांच्या मेजांवर अनेक विलक्षण विमानांचे आराखडे पडून होते. युद्ध आणखी एक वर्ष चाललें असतें तर तीं विमानें कशीं दिसलीं असतीं, या कल्पनेवर असंख्य नमुने तयार झाले आहेत, आणि त्यांतील कित्येक दिसावयास सुंदर आहेत. परंतु त्या काळचीं जर्मन विमानें घडविलीं कोणीं, हें विसरतां येत नाहीं. 'हाइनकेल-१६२' या जेट विमानाचे भाग व्हिएन्नाजवळ हिंटरब्र्यूल येथील भुयारी खाणींत माउटहाउझेनच्या बंदिछावणींतील कैद्यांकडून करवून घेत. 'आणखी एक वर्ष' या शब्दांचा अर्थ त्या कैद्यांसाठीं आणखी एक वर्षाचे हाल असा होतो. असा नमुना करूंच नये असें नाहीं. पण तो करणारानें हें वर्ष कोणाच्या वांट्याला आलें असतें हेंहि मनांत आणावें. यंत्राचें सौंदर्य त्याच्या कारखान्यापासून वेगळें काढतां येतें, असा समज ज्याला हवा असेल त्यानें तो हिंटरब्र्यूलच्या खाणीपाशीं तपासून पाहावा.

शेवटीं, कल्पना आणि सत्य यांची गल्लत झाली म्हणजे काय होतें याचें एक गमतीदार पण अर्थपूर्ण उदाहरण अमेरिकेंत घडलें. रडारला न दिसणारें लढाऊ विमान तेथें गुप्तपणें तयार झालें आहे, अशी वदंता १९८० नंतर पसरली होती. १९८६ सालीं 'टेस्टर्स' या कंपनीनें त्या विमानाचा म्हणून 'एफ-१९' या नांवाचा संच बाजारांत आणला. जॉन अँड्र्यूज यांनीं तर्कानें रचलेलें तें विमान संपूर्णपणें काल्पनिक होतें. गोलाईदार, माशासारखें गुळगुळीत. संच अतोनात खपला. प्रकरण इतकें वाढलें कीं अमेरिकन काँग्रेसमध्येंहि या खेळण्याची चर्चा झाली. जें लोकप्रतिनिधींना पाहण्याची मुभा नाहीं तें दुकानांत विकत मिळतें, याचें आश्चर्य तेथें व्यक्त झालें. नोव्हेंबर १९८८ मध्यें खरें 'एफ-११७' जगापुढें आलें, आणि तें हिऱ्याला पैलू पाडावे तसें सपाट पृष्ठांचें, कोनाकोनांचें निघालें! ज्या काळीं तें रचलें गेलें त्या काळच्या गणकयंत्रांना वक्र पृष्ठावरून परतणाऱ्या रडारलहरींचा हिशेब झेपत नव्हता. सपाट पृष्ठांचा झेपत होता. कल्पनाकाराला रडार माहीत होतें, पण गणकयंत्राची मर्यादा त्याच्या हिशेबांत नव्हती. मौज अशी कीं, त्याच कंपनीनें १९८७ सालीं काढलेलें 'मिग-३७' नांवाचें काल्पनिक रशियन विमान पैलूदार होतें, आणि खऱ्या अमेरिकन विमानाशीं त्याचेंच साम्य अधिक ठरलें.

या उदाहरणावरून या छंदाची मर्यादा आणि प्रतिष्ठा दोन्ही लक्षांत येतात. चुकलेला तर्क लज्जास्पद नाहीं. तो कोठें चुकला हें पाहिल्यानें खऱ्या विमानाचें रहस्य अधिक उलगडतें. परंतु तर्काला वस्तुस्थितीचा पोशाख चढवून बाजारांत उभें केलें, म्हणजे शहाण्यांचीहि फसगत होते. म्हणून या कलेंतील जाणकार मंडळी आपल्या नमुन्याशेजारीं एक लहानशी चिठ्ठी ठेवतात. खरा इतिहास कोणत्या क्षणापर्यंत आहे, कल्पना कोठून सुरू होते आणि कोणत्या पेट्यांतील भाग वापरले, एवढें तींत लिहिलेलें असतें. ही चिठ्ठी लहान दिसली तरी तींत मोठा प्रामाणिकपणा आहे.

इतिहास वाचतांना असा भास होतो कीं, जें घडलें तें तसेंच घडणार होतें. सरकारी निर्णय, अंदाजपत्रक, एखादें अपुरें एंजिन, हीं सारीं नंतर नियतीसारखीं दिसूं लागतात. न घडलेलें विमान मेजावर उभें राहिलें कीं तो भास नाहींसा होतो, कारण निर्णय माणसांनीं घेतले होते आणि ते निराळेहि घेतां आले असते हें समोर दिसतें. निराळ्या निर्णयाची किंमत निराळी पडली असती, हेंहि त्याच वेळीं कळतें. घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी दोन पेट्यांतील भाग मिसळून विचित्र विमान करतांना दिसल्यास वडील माणसांनीं 'हें चुकलें' असें म्हणण्याची घाई करूं नये. त्याऐवजीं 'याची चाकें मिटून कोठें जातात?' एवढेंच विचारावें. उत्तर शोधतांना मुलाच्या हातून पुष्कळ शिक्षण आपोआप होऊन जाईल.